राईतून काही न्यायचं नाही

आमच्या घरात चहाची गाळणी टिकत नाही. बायकोचं म्हणणं, ती मी पळवतो. आरोप खरा आहे पण अपुरा आहे, कारण पांढऱ्या बशाही मीच पळवतो. पुण्याच्या आसपास कुठे झाडीत पाण्याचा जिवंत झरा आहे असं कोणाकडून कळलं की रविवारी गाळणी आणि बशी पिशवीत टाकायची, तिथे जाऊन गुडघे टेकायचे, दगडाखालचं पाणी गाळायचं, बशीत ओतायचं आणि बघत बसायचं, एवढाच माझा धर्म उरला आहे. मुळशीकडे एकदा एका गुराख्यानं मला तसं ओणवं पाहून विचारलं, काय हरवलंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमची अक्का." त्या भल्या माणसानं काठी फेकली आणि धोतर खोचून पाण्यात उतरला. पाणी घोट्याएवढं होतं. त्यात एक अख्खी बाई कशी हरवेल, हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि आता मलाही पडत नाही.

अक्का आमच्या गल्लीतल्या आणि आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. तंजावूरच्या राजवाड्यामागे आम्हा मराठी लोकांच्या गल्ल्या आहेत. घरात मराठी, ओसरीवर तमिळ, नोकरीत इंग्रजी असा तिथला रिवाज. देवनागरी वाचणारं माणूस घरटी एखादं असलं तर असायचं, आमच्या घरात तेही नव्हतं. मी पुण्यात आल्यावर दुकानांच्या पाट्यांवरून ही लिपी शिकलो, त्यामुळे माझं लिखाण वाचताना सेल लागल्याचा भास झाला तर समजून घ्या. अक्कांना मात्र वाचता येत होतं आणि त्यांचं बोलणं बखरीतून उठून थेट स्वयंपाकघरात आल्यासारखं होतं. "मी जात्यें", "मी पाहत्यें" म्हणायच्या. 'सगळे' हा शब्द आमच्याकडे नाहीच, आम्ही 'अस्की' म्हणतो. आणि चिडल्या की तमिळमधून थेट "मक्कू" म्हणायच्या, म्हणजे मठ्ठ. हा शब्द मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकला की काही वर्षं तेच माझं नाव आहे असं त्यांच्या दूधवाल्याला वाटत होतं.

आमची ओळख गल्लीतली, पण खरी गाठ पडली मुलाखतीत. मला भौतिकशास्त्रात कोणी घेईना म्हणून मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. प्राचार्यांनी विचारलं, कोळ्याला पाय किती. मी ठामपणे सांगितलं, सहा. प्राचार्य इतिहासाचे होते, त्यांना ते पटलं. नोकरी मिळाली. टेबलाच्या कडेला बसलेल्या अक्का तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी गल्लीत माझ्या आईसमोर मात्र त्यांनी मला थांबवून चौकशी केली, "उरलेले दोन कुठे ठेवलेस रे?"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक चुकीवर त्यांचा एकच शेरा असे: "दोन पाय राहिले की रे." परीक्षानळ्या फोडल्या तरी तेच, मोपेडमध्ये पेट्रोल घालायचं विसरलो तरी तेच. माझ्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि तिच्यात मुलीच्या वडिलांच्या जागी माझ्याच वडिलांचं नाव पडलं, तेव्हाही त्यांनी ती लांब धरून वाचली आणि तेच म्हणाल्या.

अक्कांना पाण्यातल्या किड्यांचं वेड होतं. शुद्ध वेड. छत्री त्यांच्या काखेत बारा महिने असायची, पण ती त्यांनी कधी डोक्यावर धरली नाही. ती पाण्यावर धरायची. उन्हाचं चकाकणं गेल्याशिवाय तळ दिसत नाही, म्हणून सावली पाण्याला आणि ऊन अक्कांना, अशी वाटणी होती. लग्नात पाण्याचा पेला हातात आला की आधी उजेडासमोर धरायच्या. पापनाशमला एका लग्नात त्यांनी अशाच एका पेल्यात डासाची अळी पाहिली आणि वरपक्षाच्या पंगतीत, शांतपणे, तिची जात सांगितली. वधूपित्याला वाटलं, ह्या मुलाकडच्यांच्या जातीबद्दल काही बोलल्या. ते लग्न मोडता मोडता राहिलं. मी मधे पडून खुलासा करायला गेलो आणि ते आणखी थोडं मोडलं.

पण त्यांचं खरं घर गावाबाहेर होतं. तंजावूरचा सगळा मुलूख ताटासारखा सपाट, जिथे बघाल तिथे भात आणि कालवे. फक्त वल्लमच्या बाजूला जमीन जरा उंच होते, माती तांबडी आणि मुरमाड होते. तिथल्या एका गावाच्या शिवेवर अय्यनाराची राई आहे. अय्यनार म्हणजे राखणीचा देव. त्याचे मातीचे मोठाले घोडे झाडांखाली रांगेत उभे. जांभळीची आणि अर्जुनाची झाडं इतकी दाट की भर दुपारी आत दिवेलागणीचा उजेड. आणि एका जुन्या जांभळीच्या मुळाशी, तांबड्या दगडांच्या फटीतून, आवाज न करता पाझरणारा झरा. जिथून पाणी निघतं त्या जागेला तमिळमध्ये झऱ्याचा डोळा म्हणतात. डोळ्याखाली एक उथळ डोह, मग दगडादगडांतून एक धार, आणि पुढे ती राईबाहेर कुठल्याशा शेतात जिरून जायची.

त्या राईचा एक नियम होता. आतून काही न्यायचं नाही. पडलेलं पान नाही, काटकी नाही, जांभूळसुद्धा तिथेच खायचं आणि बी तिथेच थुंकायची. पाणी तेवढं घागरीतून न्यायला परवानगी, कारण ते असंही बाहेर जातंच.

अक्कांनी हा नियम शब्दशः पाळला. इतर प्राध्यापक किडे पकडून प्रयोगशाळेत आणत, अक्का प्रयोगशाळा किड्यांकडे नेत. पितळी सूक्ष्मदर्शक, एका डोळ्यानं पाहायचा, खाली आरसा लावलेला, म्हणजे विजेची गरज नाही. तो त्या एका डाळिंबी कांजीवरम साडीत गुंडाळायच्या. ती साडी त्यांनी कधी नेसलेली कोणी पाहिली नव्हती. कोणासाठी घेतली होती, कधी घेतली होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणून कोणी विचारत नसे. त्या एवढंच सांगायच्या की रेशमानं काचेला ओरखडा पडत नाही. ते गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या मोपेडवर मागे बसायच्या. एकदा मी त्यांच्यासकट कालव्यात गेलो. वर आलो तेव्हा अक्का कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या आणि गाठोडं डोक्यावर कोरडं होतं. "मोपेड बुडाली," मी म्हणालो. "ती पोहेल," अक्का म्हणाल्या.

डोहाशी बसून त्यांनी मला जे दाखवलं ते मी नंतर कुठल्याही पडद्यावर पाहिलेलं नाही. चहाच्या गाळणीनं दगडाखालचं पाणी हलकेच उचलायचं आणि पांढऱ्या ताटलीत सोडायचं. आधी कचराच दिसतो. मग दम धरला की कचरा चालायला लागतो. शेपटीला तीन धागे असलेली पिल्लं, जी पुढे पंख फुटून वर येतात, एखादा दिवस उडतात, तेवढ्यात लग्न उरकून मरतात आणि त्यांना खायला तोंडसुद्धा नसतं. "ह्यांच्या लग्नात पंगत नाही, म्हणून भांडण नाही," अक्का म्हणायच्या. चतुराची पिल्लं, घडी घातलेला ओठ फेकून भक्ष्य धरणारी. आणि अक्कांची लाडकी ती अळी, जी वाळूचे कण लाळेच्या रेशमानं एकाला एक जोडून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते आणि ते ओढत हिंडते. ताटलीत पाहिलं तर एक खडा उठून चालू लागल्यासारखं दिसतं. मी पहिल्यांदा किंचाळलो होतो. मोठ्यानं. अय्यनाराचे घोडे बिचकले नाहीत, एवढंच.

"हे तळ्यात राहत नाहीत?" मी विचारलं होतं.

"धरणाचं पाणी बंद झालं की तळं आटतं. कालवा आटतो. कावेरीची वाळू होते. इथलं पाणी बारा महिने तेवढंच, तेवढंच गार. ज्यांना असंच पाणी लागतं त्यांना दुसरं घर नाही. आणि उन्हाळ्यात दहा कोसांतले चतुर जीव धरून राहतात ते इथे. पाऊस आला की इथूनच अस्की भातावर जातात आणि तिथले किडे खातात. कळ्ळं की? शेतकऱ्याचा खंडणी न घेणारा पहारा आहे हा."

मद्रासच्या एका तज्ज्ञांनी त्यांना कळवलं होतं, की तुमची ही घरबांधी अळी कदाचित कोणीच नोंदवलेली नसेल, नमुने स्पिरिटमध्ये घालून पाठवा, म्हणजे नाव देता येईल. नाव मिळालं असतं तर त्या झऱ्याला कागदावर किंमत आली असती. अक्कांनी उलट कळवलं, तुम्हीच या, जेवायला घालते. ते आले नाहीत.

हे मला फार लागलं. मी ठरवलं, अक्कांचं भलं त्यांना न विचारता करायचं. पुढल्या खेपेला कॅमेऱ्याच्या रोलची रिकामी डबी खिशात घेऊन गेलो आणि त्यांचं लक्ष नाही असं पाहून एक अळी पाण्यासकट तिच्यात घातली. राईबाहेर आलो, मोपेडला लाथ मारली. चालू होईना. पुन्हा मारली. होईना. मला घाम फुटला. मातीचे घोडे माझ्याकडे बघताहेत असं स्पष्ट दिसू लागलं. अक्का छत्री टेकून उभ्या होत्या.

"खिशात काय आहे?"

मी डबी काढून दिली. त्यांनी ती आत नेऊन, ज्या दगडाखालची होती त्याच दगडाखाली रिकामी केली. त्या परत आल्यावर मी हात जोडून मोपेडला लाथ मारली. तरी चालू होईना. पेट्रोल संपलं होतं. "दोन पाय," अक्का म्हणाल्या, आणि आम्ही चालत निघालो. त्या दिवसापासून राईतून निघताना मला खिसे उलटे करून दाखवावे लागत. विजारीच्या मुडपीत अडकलेलं पानसुद्धा त्या काढून आत टाकायला लावायच्या. अक्का देव मानतात का, हे मी वाटेत विचारलं. "नियम मानत्यें," त्या म्हणाल्या.

ते दिवस नव्याचे होते. राजवाड्याच्या भिंतीला टेकून केबलवाल्याचं दुकान आलं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी खोकी आली आणि तंजावुरात टाइल्स आल्या. एकाएकी सगळ्याला टाइल्स लागू लागल्या. आधी न्हाणीघरं, मग ओसऱ्या, मग तुळशीवृंदावनं. आमच्या शेजाऱ्यांनी गोठ्याला लावल्या. गाय घसरून पडली, तर त्यांनी गाय विकली.

टाइल्स राईपर्यंत यायच्याच होत्या. त्या गावचे धर्मकर्ते, म्हणजे देवळाचा कारभार पाहणारे, सिंगापुरात क्रेन चालवून परतलेले गृहस्थ होते. कुंभाभिषेक, म्हणजे देवळाची नव्यानं प्रतिष्ठापना, ठरला होता. देवळाला रंग, घोड्यांना रंग आणि डोहाला तळापासून काठापर्यंत निळ्या टाइल्स. माणूस वाईट मुळीच नव्हता. त्यांची म्हातारी आई डोहाच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरून पडली होती आणि तेव्हापासून कमरेत वाकून चालत होती.

गावाची बैठक झाडाखाली बसली. अक्का माझ्यासकट गेल्या. धर्मकर्त्यांनी उपरणं सारखं केलं आणि सरळच विचारलं, "टीचरम्मा, तुमचे किडे मोठे की माझी आई?"

"आई," अक्का लगेच म्हणाल्या. "तिच्यासाठी पायऱ्या करा. दगडाच्या करा. कठडा लावा, मी वर्गणी देते. पण तळाला सिमेंट घालू नका. तळ गेला की आतलं सगळं गेलं."

"दगडावर शेवाळ धरतं. टाइल्स पुसता येतात."

"पुसता येतात, म्हणूनच सांगतेय."

बोलणं वाढत गेलं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे मिटण्याची आशा नव्हती. मी मधे एकदा तोंड उघडलं, तेव्हा अक्का आणि धर्मकर्ते दोघंही एकदम माझ्याकडे बघून "तू गप्प बस" म्हणाले. त्या दुपारचं त्यांचं ते एकच एकमत. शेवटी म्हातारीच बोलली. तिला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, ती आवाजाच्या रोखानं बोलायची. "माझ्या नावानं भांडताय. मला कोणी विचारलं? आणि मला तरी काय कळतं. त्याला विचारा," ती म्हणाली आणि अय्यनार ज्या दिशेला असावा असं तिला वाटत होतं तिकडे हात केला.

त्याला विचारायचं म्हणजे फुलं लावायची. आमच्याकडचा जुना रिवाज आहे. दोन सारखी पानं घ्यायची, एकात पांढरं फूल, एकात तांबडं, सारख्या पुड्या बांधून देवापुढे ठेवायच्या आणि एक उचलायची. एक रंग होकाराचा, दुसरा नकाराचा. अक्का तयार झाल्या. मला धक्काच बसला. वर्गात पोरांना उत्क्रांती शिकवणाऱ्या बाई, आयुष्यभराचा झरा एका पुडीवर लावायला तयार.

पुड्या बांधायला दोन्ही पक्षांना चालेल असा माणूस हवा होता. सगळ्यांनी मला निवडलं. धर्मकर्ते म्हणाले, याला काही कळत नाही, हाच बरा. अक्कांनी मान डोलावली.

आता ऐका. आमच्या गल्लीत, आमच्या घरांत, फुलं लावली की पांढरं म्हणजे हो आणि तांबडं म्हणजे नाही. माझ्या आईनं माझ्या नोकरीसाठी, लग्नासाठी, सगळ्यासाठी असंच विचारलेलं. मी देवळामागे एकटा बसलो, कण्हेरीची फुलं पुढ्यात घेतली आणि अक्कांचं भलं पुन्हा एकदा त्यांना न विचारता करायचं ठरवलं. दोन्ही पुड्यांत तांबडं घातलं. कुठलीही उचला, टाइल्सना नाही म्हणजे नाही.

म्हातारीनं चाचपून एक पुडी उचलली. पुजाऱ्यानं सोडली. तांबडं फूल. आणि बायकांनी जिभा हलवून कुलवई घातली, कोणीतरी ढोल बडवला, धर्मकर्त्यांनी मला मिठी मारली. मीही आनंदानं त्यांची पाठ थोपटली. मनात म्हटलं, काय मोठ्या मनाची माणसं आहेत, देवानं नाही म्हटलं तरी एवढा आनंद. मग शेजारचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, तांबडा तर स्वामींचा स्वतःचा रंग, ते दुसरं काय देणार. त्या गावात तांबडं म्हणजे हो.

माझा चेहरा तेव्हा कसा झाला असेल हे मला अक्कांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या, ताटलीतल्या कचऱ्याकडे पाहायच्या तशा, तो चालू लागेपर्यंत. मग उठल्या, देवापुढे गेल्या, उरलेली पुडी उचलली आणि सगळ्यांसमोर सोडली. तांबडं.

ढोल थांबला. गावाला हे कोडं सुटेना. टीचरम्मांचा माणूस आणि त्यानं दोन्हीकडे होकार भरला? कोणी म्हणालं, याला धर्मकर्त्यांनी फोडला. कोणी म्हणालं, याला रंग दिसत नाहीत. पुजाऱ्यानं निकाल दिला, की विचारणं बाटलं. आता पुढच्या उत्सवापर्यंत देवाला पुन्हा विचारता येत नाही, आणि विचारल्याशिवाय डोहाला हात लावता येत नाही. म्हणजे माझ्या मूर्खपणानं झऱ्याला एक वर्ष मिळालं. शहाणपणानं मला आजवर एवढं काही मिळवता आलेलं नाही.

परतताना अक्का मोपेडवर बसल्या नाहीत. मी ती ढकलत त्यांच्यामागून चाललो. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "अक्का, आमच्या रिवाजाप्रमाणे असतं, आपल्या बाजूनं लागलं असतं, तर तुम्ही दुसरी पुडी सोडली असती?"

"सोडली असती," त्या म्हणाल्या. मग थोडं चालून, "त्याला विचारायचं आणि उत्तर तूच लिहून द्यायचं? मग त्याला कशाला त्रास देतोस रे, मक्कू."

ते वर्ष अक्कांनी वाया घालवलं नाही. त्यांनी कोणाला समजावलं नाही, व्याख्यान दिलं नाही. नुसत्या डोहाशी बसायच्या, आणि पाण्याला येणाऱ्या बायकांना घागर भरेपर्यंत सूक्ष्मदर्शकात डोकावू द्यायच्या. मधल्या काळात गावात डोळ्यांचं शिबिर आलं, म्हातारीचा मोतीबिंदू निघाला. धर्मकर्त्यांनी तिला हाताला धरून डोहाशी आणलं तेव्हा अक्कांनी तिला घरबांधी अळी दाखवली. म्हातारी भिंगाला डोळा लावून इतका वेळ वाकली की मला वाटलं तिची कंबर तिथेच अडकली. मग वर न बघता म्हणाली, "गवंड्याशिवाय बांधतोय." आणि आणखी थोड्या वेळानं, "मी याला इतकी वर्षं तुडवत होते."

पुढच्या उत्सवात पुन्हा फुलं लागली. पुड्या शेजारगावच्या पुजाऱ्यानं बांधल्या. मला देवळापासून लांब, घोड्यांपाशी उभं केलं होतं. पुडी सुटली. कुलवई ऐकूनच मला कळलं.

अक्कांनी देवाला हात जोडले, धर्मकर्त्यांना हात जोडले, "सरि," म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि राईबाहेर आल्या. बाहेर उन्हात त्यांनी छत्री उघडली आणि स्वतःच्या डोक्यावर धरली. चांगली खालपर्यंत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मोपेड चालू केली आणि आरशात पाहिलं नाही.

टाइल्स लागल्या, पायऱ्या आणि कठडाही झाला. तळ खरवडला, सिमेंट ओतलं. अक्कांनी निदान काही अळ्या उचलून दुसरीकडे न्याव्यात म्हणून मी हातापाया पडलो. दुसरीकडे कुठे, असं त्यांनी विचारलं, आणि मला एकही जागा सांगता आली नाही. शिवाय नियम होताच. पण गवंडी जांभळीच्या मुळाशी, झऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचले तेव्हा म्हातारी येऊन मुळावर बसली आणि उठेना. लेकानं समजावलं, देवानं हो म्हटलंय. ती म्हणाली, "देवानं डोहाला हो म्हटलंय. डोळ्यात कोणी सिमेंट घालतं का रे? माझ्या घातलंस?" तिच्याशी वाद घालायला गावात कोणी उरलं नव्हतं. परातीएवढी जागा तशीच राहिली.

नंतर आम्ही पांगलो. मी पुण्याला आलो, नव्यानं निघालेल्या एका कंपनीत, आणि काय विकायला, तर डास मारायच्या वड्या. हे अक्कांना सांगताना माझी जीभ चाचरली. त्या म्हणाल्या, "डास तेवढे मार. अस्की मारूं नको." निवृत्त झाल्यावर त्या भाच्याकडे बंगळूरला गेल्या. तिथे झरा नव्हता, म्हणून इमारतीच्या गच्चीवरच्या टाक्या गाळायच्या. भाच्यानं फोनवर कौतुकानं तक्रार केली होती. त्याचा पुढचा फोन अक्का गेल्याचा आला तेव्हा मी कचेरीत वड्यांच्या खोक्यांमध्ये उभा होतो. साडीचं आणि सूक्ष्मदर्शकाचं काय झालं हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. दोन पाय राहिलेच.

कितीतरी वर्षांनी मी त्या राईत गेलो. घरून गाळणी आणि बशी घेतली होती. म्हातारी नव्हती, धर्मकर्ते नव्हते. घोड्यांचा रंग उडून ते पुन्हा मातीचे झाले होते. डोहाच्या टाइल्सना तडे गेले होते, काही निखळल्या होत्या. पायऱ्यांवर मात्र बायका कठड्याला धरून निवांत उतरत होत्या, आणि कोणी घसरत नव्हतं, हेही सांगायला हवं.

मी जांभळीच्या मुळाशी गेलो. डोळा ओला होता. छत्री नव्हती, म्हणून अंगावरच्या सदऱ्याची सावली धरली, पाणी उचललं, बशीत सोडलं आणि दम धरला. बराच वेळ नुसता कचरा. मग एक खडा उठला आणि चालू लागला. किंचाळलो नाही. वाकून, अगदी जवळून पाहिलं. तांबड्या मुरमाच्या कणांचं घर, नीट सांधलेलं, आणि त्यात, दाराशी, एक कण चकचकीत निळा. टाइलचा. जे मिळालं त्यात बांधलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, म्हणजे तोंडातून निघून गेलं. हे दाखवायला हवं होतं त्यांना. बाकी सगळं चुकलं असतं तरी चाललं असतं.

अळी तिच्याच दगडाखाली सोडली. बशी तिथेच धुतली. विजारीच्या मुडपीत एक पान होतं, ते काढून आत टाकलं. राईच्या तोंडाशी आलो, पाय आपोआप थांबले. मी दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले आणि तसाच थोडा वेळ उभा राहिलो. कोणी विचारलं नाही.